विहिरीतल्या आणि उशीखालच्या पऱ्या

त्या हिवाळ्यात मी ज्यांच्या ज्यांच्यावर चिडले, त्यांत एक परीही होती. सरकार होतं, शाळा होती, ऑफिसातला मॅनेजर होता, वेअरहाऊसच्या शिफ्टवरून येऊन बुटांसकट सोफ्यावर झोपणारा नवरा होता. पण ही सगळी माणसं, नाहीतर माणसांनी चालवलेल्या गोष्टी. त्यांच्याशी भांडता येत होतं. परीशी कसं भांडणार? आणि तिच्यामुळेच तर माझ्या आईने माझ्या मुलीशी बोलणं बंद केलं होतं.

आई पुण्यात भावाकडे, आम्ही सिडनीत, गिरावीन या उपनगरात; इथला हिवाळा जून-जुलैत. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. एप्रिलच्या लाटेत आईला कोविड झाला, ऑक्सिजन लावावा लागला. मी इथून निघायच्या परवानगीसाठी अर्ज केला, तो फेटाळला, पुन्हा केला, पुन्हा फेटाळला. आई माझ्याशिवाय दवाखान्यात गेली आणि माझ्याशिवाय घरी आली. घरी आलेली आई वेगळीच होती. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी ही बाई आता फोनवर ‘बरी आहे’ एवढंच म्हणायची आणि छताकडे बघत बसायची. डॉक्टरांचं म्हणणं होतं की फुप्फुसं सावरतायत, त्यांना बोलतं ठेवा, तेवढाच व्यायाम. पण बोलायला ती तयार कुठे होती? माझ्याशी नाही, भावाशी नाही, वहिनीला तर नुसती मान हलवून उत्तर.

बोलायची ती फक्त माझ्या मुलीशी. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. ती इंग्लिशमध्ये बोलायची, आई मराठीत, आणि दोघींचं उत्तम चालायचं. आई तिला पाढे शिकवायची. ‘बे एके बे’ म्हणताना दर ओळीनंतर थांबून श्वास घ्यायची, आणि मुलगी न कंटाळता तिच्यासाठी थांबायची. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. आईचा श्वास सहाच्या पाढ्यापर्यंत आला तेव्हा मला वाटलं, ही आता उठून बसणार. मला तेव्हा दुसरं काहीच नको होतं. या दोघी रोज बोलाव्यात, बस.

आणि नेमका त्याच वेळी मुलीचा दात पडला. वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून आणलेल्या चिक्कीत तो अडकून आला.

आमच्या लहानपणी दात पडला की शेजारपाजारची मुलं तो कौलांवर फेकायची, उंदराला सांगायची की तुझा दे, माझा घे. आमच्या घरी मात्र आई दात हातात घेऊन बघायची, नीट अख्खा आलाय ना ते तपासायची, केरात टाकायची आणि म्हणायची, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. विषय संपला. इथे तसं जमत नाही. इथे वर्गात तक्ता असतो. कोणाचा दात पडला, परी आली का, उशीखाली काय ठेवलं, सगळ्यांसमोर सांगायचं असतं. मुलीचा पहिला दात पडला तेव्हा ती मला म्हणाली, ‘एव्हरीवन गेट्स वन, मम्मा.’ मी विचार केला, आधीच डब्यातल्या मेथीच्या पराठ्याला सगळे नाक मुरडतात, त्यात ही आणखी एक गोष्ट कशाला? तिच्या उशीखाली मी दोन डॉलरचं सोनेरी नाणं ठेवलं. पुढच्या दातालाही ठेवलं. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. गरजच काय होती?

या वेळी मुलीनेच सांगितलं. पाढे झाल्यावर तिने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडून खिंड दाखवली आणि सांगून टाकलं, काल रात्री परी आली होती, माझ्या उशीपाशी, दात घेऊन गेली. आधी मोडक्या मराठीत, मग सविस्तर इंग्लिशमध्ये, पंखांसकट. आईचा चेहरा मला दिसत होता. तो हळूहळू उतरत गेला. ‘फोन तुझ्या आईला दे,’ ती म्हणाली. मी फोन घेतला.

‘घरात पुन्हा आणलंस?’

‘काय आणलं?’

‘तेच,’ ती म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या की आई झोपल्यात. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, नको म्हणतायत. त्यानंतर आठवडाभर तेच. मुलगी पाढ्यांची वही उघडून बसायची, फोन वाजायचा, आणि पडद्यावर वहिनींचा ओशाळलेला चेहरा यायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आईचं ‘तेच’ म्हणजे काय, हे मला माहीत होतं. किंवा माहीत आहे असं मला वाटत होतं. आम्ही बौद्ध. आईच्या लहानपणी तिच्या वस्तीने देव सोडले. आजोबांनी घरातले टाक आणि शेंदूर लावलेले दगड टोपलीत भरून नदीत सोडले, ही गोष्ट आमच्या घरी इतरांच्या घरी लग्नाची गोष्ट सांगतात तशी सांगितली जायची. तेव्हापासून जे दिसत नाही ते आमच्या घरात चालत नाही. माझ्या भावाच्या बारशाला शेजारच्या काकूंनी त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला, तर आईने त्यांच्यादेखत कात्री आणून तो कापला आणि त्यांना चहा दिला. भुताच्या गोष्टी नाहीत, जिनच्या नाहीत, पऱ्यांच्या नाहीत. हॉस्टेलवर मुली दिवे बंद करून हडळींच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मला एकही येत नसे. मला आईचा अभिमान होता, आहे. पण त्या आठवड्यात मला वाटत होतं, बाई, तुझी फुप्फुसं अर्धी चालतायत, नात इकडे वाट बघतेय, आणि तुला दोन डॉलरच्या नाण्यावरून तत्त्व सुचतंय? मरणाच्या दारातून आलेल्या माणसाने थोडं सैल होऊ नये?

या सगळ्यावर कडी म्हणून शाळेचा प्रोजेक्ट आला.

सिडनीत लॉकडाऊन लागला होता, आणि घरून शाळा म्हणजे काय, ते ज्यांनी केलं त्यांनाच माहीत. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला मी हेडसेट लावून लोकांचे विम्याचे क्लेम ऐकायचे, दुसऱ्या टोकाला मुलगी आयपॅडवर हात वर करून बसायची, आणि टीचर रोज सकाळी या जमिनीच्या मूळ आदिवासी मालकांना वंदन करून पुढच्या मिनिटाला सगळ्यांचे माइक बंद करायची. त्या आठवड्यात तिने वर्कशीट पाठवलं. ‘पऱ्यांविषयीच्या समजुती काळानुसार कशा बदलल्या?’ खाली तीन चौकटी. पूर्वी, नंतर, आता. आणि सगळ्यात खाली चौथी चौकट, चमकत्या अक्षरांत, ‘तुमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा: तुमच्या लहानपणी लोक काय मानायचे?’

मी कपाळाला हात लावला. जगात दुसरे विषय नव्हते? बेडूक नव्हते? ग्रह नव्हते?

पहिल्या तीन चौकटी भरायला मला वाचावं लागलं, कारण सात वर्षांच्या मुलीचा प्रोजेक्ट आईच करते हे टीचरलाही ठाऊक असतं. वाचत गेले तशी मी आणखीनच वैतागले. ज्यांच्या पऱ्या, त्या इंग्रजांच्या गावांत पूर्वी कोणी पऱ्यांवर प्रेमबिम करत नव्हतं. लोक त्यांना घाबरायचे. त्यांचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत, ‘ती चांगली माणसं’ असं काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यायचे. त्या पाळण्यातलं पोर उचलून न्यायच्या आणि आपलं किरकिरं पोर तिथे ठेवायच्या. म्हणून पाळण्यात कात्री ठेवायची, उंबऱ्याशी लोखंड ठेवायचं, दूध बाहेर काढून ठेवायचं. माणूस अचानक लुळा पडला, गाय आटली, बाळंतीण खुळावली, की त्यांचा हात. मग शतकं गेली, गावं ओस पडून शहरं झाली, दवाखाने आले, आणि भीती ओसरली तशा पऱ्या लहान होत गेल्या. चित्रांच्या पुस्तकांत त्यांना फुलपाखरांचे पंख लावले, फ्रॉक घातले. दात नेणारी परी तर अगदी अलीकडची, अमेरिकेतली, हिशेबाने बघितलं तर माझ्या आजोबांच्या वयाची. आपला ‘परी’ हा शब्दही फारसीतून आलेला, आणि तिकडेही त्या आधी वाईट होत्या म्हणे, मग सुंदर झाल्या. मी वर्कशीटवर लिहिलं: पूर्वी, भीती. नंतर, चित्रं. आता, नाणं. ज्यांची ही जमीन, त्यांच्या पाण्यात कोण राहायचं, याला चौकट नव्हतीच. सकाळच्या वंदनात ते भागत असावं.

मुलगी शेजारी बसून बघत होती. ‘डू वी हॅव फेअरीज?’ तिने विचारलं. ‘लाइक, इंडियन वन्स?’

‘आसरा,’ मी म्हणाले. ‘साती आसरा. सात बहिणी. पाण्यात राहतात असं लोक म्हणायचे. विहिरीत, डोहात.’

‘विथ विंग्ज?’

‘नाही. विहिरीच्या काठावर सात दगड, त्यांना शेंदूर. बायका जाऊन ओटी भरायच्या, हिरव्या बांगड्या वाहायच्या. नाही वाहिल्या तर त्या धरतात म्हणे. लहान मुलांना, बाळंतिणींना.’

हे सांगताना मला पहिल्यांदा लक्षात आलं की या तर त्याच. नाव न घेता ‘मावलाया’ म्हणायचं, पोरं सांभाळायची, हिरवं ठेवायचं. इंग्रजांच्या फ्रॉकात गेल्या, आमच्या शेंदरात राहिल्या, एवढाच फरक. आणि आणखी एक फरक होता, तो मी मुलीला सांगितला नाही. आईच्या गावात त्या सात दगडांच्या विहिरीवर आमच्या लोकांना जायची बंदी होती.

‘आजीला मोअर माहीत असेल,’ मुलगी म्हणाली. ‘आपण आजीला विचारू या.’

मी आईला फोन लावला. वहिनींना सांगितलं की शाळेचं काम आहे म्हणा, शाळेला ती नाही म्हणणार नाही. माझा अंदाज बरोबर होता. आई फोनवर आली. उशीला टेकून बसली होती, बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते चिमट्यासारखं यंत्र. मी वर्कशीट समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, जुन्या सवयीने एकदा विचारलंही की किती मार्कांचं आहे. मग म्हणाली:

‘तिला आधी खरं सांग. उशीपाशी कोण येतं ते. मग मी बोलते.’

‘आई, सात वर्षांची आहे ती.’

‘मीही सात वर्षांची होते कधीतरी.’

‘इथे सगळ्यांकडेच असतं गं. खेळ आहे तो. कोणी घाबरत नाही.’

‘तू सांग,’ ती म्हणाली. ‘मी तोवर बोलणार नाही.’ मग तिला खोकला आला, आणि वहिनींनी फोन घेतला.

आता बघा, मी कोणत्या कात्रीत सापडले होते. त्या पोरीकडे उरलं होतं काय? शाळा बंद, पार्क बंद, झोपाळ्यांना पिवळ्या पट्ट्या. आमचा भाग जास्त केसेसचा म्हणून इथे नियम जास्त कडक. संध्याकाळी घरांवरून पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं. बातम्यांत मात्र तिकडे शहराच्याच पूर्वेच्या श्रीमंत किनाऱ्यांवर लोक उन्हात पहुडलेले दिसायचे, आणि मी टीव्हीशी भांडायचे. मुलीची दिवसातली एकमेव चैन म्हणजे कोपऱ्यावरच्या घरापर्यंत चालत जाणं. तिथे राहणाऱ्या एका निवृत्त गोऱ्या बाईने रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याला एक लहानसं लाकडी दार लावलं होतं, पऱ्यांचं. खाली शिंपले, बटणांची पायवाट, काडेपेटीचा पलंग. रोज काहीतरी नवीन असायचं. मुलगी गवतात गुडघ्यांवर बसून बघायची, हात मागे बांधून, कारण कशालाही हात लावायचा नाही हे तिच्या अंगात भिनलं होतं. ती बाई खिडकीतून हात करायची, ‘यू राइट, लव्ह?’ म्हणजे बरी आहेस ना, असं विचारायची. लॉकडाऊनमध्ये आमच्याशी माणसासारखं बोलणारी ती एकच बाई होती. हे दार मी कोणत्या तोंडाने बंद करू?

आणि नाही सांगितलं तर आईचा आवाज बंद. सहाच्या पाढ्यावर अडकलेला श्वास तिथेच राहणार. पुढची लाट येणार असं सगळे म्हणत होते. सीमा कधी उघडणार ते कोणीच म्हणत नव्हतं.

नवऱ्याला विचारलं, तर तो जेवता जेवता म्हणाला, ‘सांगून टाक ना यार. कधी ना कधी कळणारच आहे.’

‘मग तू सांग.’

‘मी शिफ्टला चाललोय,’ तो म्हणाला. आणि खरंच गेला.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. आंघोळ घालताना सुरुवात केली, ‘अगं, ती परी असते ना’, तर तिने फेस पुसून इतक्या शांतपणे माझ्याकडे बघितलं, की मी पुढे म्हणाले, ‘तिला चिक्की आवडत असेल का?’ मग एकदा केस विंचरताना सांगायला गेले, तेव्हाही तेच. टीचरला मेसेज केला की आजी आजारी आहे, शेवटची चौकट रिकामी ठेवू का? तिने उलट टपाली लिहिलं, ‘नो वरीज अॅट ऑल! एखादं पिक्चर बुक वाचून भरा.’ पुढे तीन पऱ्यांच्या इमोजी. मी फोन उशीवर आपटला. माझ्या आईच्या जागी पिक्चर बुक. तिचा तरी काय दोष होता म्हणा, पण मला त्या दिवशी दोष द्यायला कोणीतरी हवं होतं.

शुक्रवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. गुरुवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होते. मॅनेजर क्लेमच्या आकड्यांबद्दल काहीतरी सांगत होता, माझा माइक बंद होता. एवढ्यात माझा फोन वाजला आणि मुलीने तो उचलला. मी मागे वळून बघितलं. पडद्यावर वहिनी नव्हत्या, आई होती. फोन तिनेच लावला होता.

ती आता विचारणार, सांगितलं का? आणि मी सांगितलेलं नाही. मी हेडसेट एका कानावरून सरकवला.

आईने ते विचारलंच नाही. म्हणाली, ‘विचार बाळा, काय विचारायचंय.’

मुलीने कागद समोर धरला आणि वाचलं. तुमच्या लहानपणी लोक काय मानायचे? मग स्वतःचं जोडलं, ‘अबाउट द आसरा, आजी. मम्मा टोल्ड मी. सेव्हन सिस्टर्स.’

आई थांबत थांबत बोलू लागली, पाढे म्हणायची तशी.

‘आमच्या गावात विहीर होती. तिच्यावर त्या सात दगड होऊन बसलेल्या. आम्ही तिथे जायचं नाही. माझी आई सांगायची, आपली सावली त्यांना चालत नाही. आपण पाण्याला शिवलो की त्या आत ओढतात. म्हणून लांब उभं राहायचं. कोणीतरी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची.’

‘व्हाय?’

‘तेव्हा मला वाटायचं, आसरांमुळे. मोठी झाल्यावर कळलं, तिथे गेलो तर लोकांनी मारलं असतं. माझ्या आईला ते पोरीला सांगवत नव्हतं. आसरा सांगणं सोपं होतं.’

माझ्या दुसऱ्या कानात मॅनेजर कोणाला तरी शाबासकी देत होता.

‘मी एकदा प्यायले,’ आई म्हणाली.

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आईच्या गावाच्या, आजोबांच्या टोपलीच्या, नदीच्या गोष्टी मी हजारदा ऐकल्या होत्या. ही नाही.

‘उन्हाळा होता. शाळेतून येताना विहिरीवर कोणी नव्हतं. काठावर बादली होती, तिच्यात पाणी होतं. मी ओंजळीने प्यायले. कोणी बघितलं नाही. पण त्यांनी तर बघितलं असणार ना. मी घरी गेले आणि मरायची वाट बघत बसले. तो सगळा उन्हाळा. पोटात दुखलं की वाटायचं, आल्या. आईला सांगायची सोय नव्हती, तिने मारलंच असतं. मग पाऊस आला, शाळा सुरू झाली, नाही मेले.’

‘बिकॉज दे वेअर नॉट रिअल,’ मुलगी म्हणाली.

‘हो. पुढे आमच्या लोकांनी देव सोडले. मी शिकले. मी कितीतरी मुलांना वर्गात सांगितलं, असं काही नसतं, पाणी हे पाणी असतं.’ तिला दम लागला. तिने बोटाचं यंत्र बघितलं, थांबली, पुन्हा बोलू लागली. ‘पण दवाखान्यात मला नळी लावली ना, तेव्हा त्या आल्या. माझ्या पायाशी. सगळ्या पांढऱ्या. डोक्यापासून पायापर्यंत. तोंडच नाही कोणाला. मला कळलं, इतकी वर्षं थांबल्या आणि आता त्या पाण्यासाठी आल्या. मी डोळे मिटून घेतले. रोज यायच्या. घरी आले तरी मला वाटतं, दाराबाहेर आहेत. हे मी कोणाला सांगितलं नाही. कोणाला सांगणार? सगळ्यांना मीच शिकवलेलं. आणि मग तू म्हणालीस, रात्री कोणीतरी येतं. तुझ्या उशीपाशी. माझी नात ती, मला वाटलं, आता तिकडे गेल्या.’

एवढे दिवस मी त्याला तत्त्व समजत होते. तिचा हट्ट, तिची शिस्त, मास्तरीणपणा समजून मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. ती घाबरली होती. माझी आई, जिने काळा दोरा कात्रीने कापला, ती महिनोन्‌महिने एका खोलीत एकटी घाबरून पडली होती, आणि मी तिला वर्कशीट समजावत होते.

मुलगी फोनच्या अगदी जवळ गेली. तिचं नाक काचेला लागलं असेल.

‘आजी, दॅट्स पीपीई,’ ती म्हणाली. ‘पांढरा सूट. नर्सेस घालतात. कोविडसाठी. आमच्याकडे टीव्हीवर पण आहेत. दे हॅव फेसेस. आत असतात.’

‘असं?’

‘येस. दे वेअर हेल्पिंग यू.’ मग ती थोडी घुटमळली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘अँड आजी, माझ्याकडे पण कोणी येत नाही. टूथ फेअरी इज नॉट रिअल. आय न्यू फ्रॉम द फर्स्ट वन. द कॉइन स्मेल्स ऑफ सॅनिटायझर. मम्माच्या बॅगमधला. बट शी लाइक्स डूइंग इट, अँड शी इज सो सॅड अबाउट यू, म्हणून मी सांगत नाही.’

पडद्यावर आई पुढे झुकली होती. ‘म्हणजे रात्री तुझ्या उशीपाशी कोण येतं?’ तिने विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं, खात्री करून घेण्यासाठी.

‘मम्मा. इट्स जस्ट मम्मा, आजी. प्रॉमिस.’

हेडसेटमध्ये मॅनेजर दुसऱ्यांदा माझं नाव घेत होता. आईने डोळे पुसले, मागे टेकली, एक मोठा श्वास घेतला.

‘तीच असेल,’ ती म्हणाली, ‘तर येऊ दे तिला.’